बसणारं पेडल: मास्टर सिलिंडरला नवं किट की स्लीव्ह?

प्रीमियर पद्मिनी गाडीच्या ब्रेकमधली हवा काढून झाली, चारही ड्रमचे ब्रेक शू जुळवले, व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलून ओल नाही हेही पाहिलं, तरी सिग्नलला पाय ठेवला की पेडल हळूहळू खाली बसतं. इथवर आलात तर दोष बहुधा मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या सिलिंडरच्या, रबरी वॉशरमध्ये आहे. आता नवं किट (नव्या वॉशरचा संच) टाकायचं की सिलिंडरला आतून स्लीव्ह (धातूची नळी) मारून घ्यायची? मी दोन्ही करून बसलोय.

किटचा खर्च कमी, आणि सकाळी दिलेली गाडी संध्याकाळी हातात. बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, नख फिरवून ते कुठे अडकलं नाही, तर किट पुरेसं आहे असं मला वाटतं. माझ्या गाडीत ते अडकत होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि मुंबईच्या पावसाळ्यात वर्षानुवर्षं तेच ऑइल राहिलं की बिडाच्या बोअरला खालच्या बाजूने गंज धरतो. पॉलिश पेपरने गंज जातो, खड्डा राहतो. नवा वॉशर त्याच खड्ड्यावरून घासत राहतो.

मला खरा त्रास झाला तो वेगळाच. गॅरेजात दोष दिसायचाच नाही. मिस्त्री पेडल जोरात दाबायचे आणि ते घट्ट लागायचं, कारण दाब वाढला की वॉशरची कड भिंतीला चिकटते. हलक्या पायाने धरलं की तेल खड्ड्यातून मागे सरकतं, आणि सिग्नलला आपला पाय हलकाच असतो. "ब्रेक बरोबर आहे" हे ऐकून मी तीनदा परत आलो, आणि परतीच्या वाटेवरच पेडल पुन्हा बसलं. उतारावर, पुढे माणसं रस्ता ओलांडत असताना पायाखालून पेडल सरकतं तेव्हा पोटात गोळा येतो. दोन किटं अशीच गेली.

स्लीव्हला खर्च जास्त, आणि माझी गाडी नऊ दिवस उभी राहिली. जोखीमही आहे. ब्रेक ऑइलच्या टाकीतून तेल उतरतं ते बारीक भोक स्लीव्हमध्ये नेमक्या जागी पाडून त्याची बर (कडेला उरलेली धातूची धारदार कोर) साफ करावी लागते. बर राहिली तर वॉशर फाटतो. जागा चुकली तर पाय काढल्यावरही दाब सुटत नाही, शू घासत राहतात आणि ड्रम तापतात. त्यामुळे ब्रेक सिलिंडरचं काम आधी केलेला लेथवालाच शोधा.

तुमची गाडी क्वचित निघत असेल तर माझं मत वेगळं पडू शकेल. माझी रोज निघते. स्टीलची स्लीव्ह बसवल्यानंतर दोन पावसाळे गेले, पेडल जिथे धरावं तिथेच थांबतं. ऑइल मात्र दर दोन वर्षांनी बदलायचं ठरवलंय.

निर्णयाआधी एक करा: मिस्त्रींना शेजारी बसवा आणि पेडल हलक्या पायाने मिनिटभर धरून दाखवा.