दहातली एक टँकरची सोंगटी: ‘तगडा जपान’ नऊ महिने खेळल्यावर

मागच्या आठवड्यात विक्रेत्याचा चौथा आणि शेवटचा मेल आला. पुठ्ठ्याचा एक तुकडा कमी आहे म्हणून खेळ सदोष ठरत नाही, आणि तसंही तुम्ही सात दिवसांत कळवायला हवं होतं, असं लिहून त्यांनी तक्रार बंद केली. तक्रार मला मान्य होईल अशी मिटलेली नाही, म्हणून खेळाचं आणि विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या जपान विरुद्ध अमेरिका-ब्रिटन अशा पॅसिफिक युद्धावरच्या पटावरच्या खेळाचा तो मोठा डबा, 1942 चं अख्खं वर्ष, एक खेळी म्हणजे एक महिना, एवढ्यावरून खेळणाऱ्यांना कळेल. मी लिहितोय ते त्यातल्या शेवटच्या मांडणीबद्दल, जिथे जपानला सहाऐवजी दहा मोठी विमानवाहू जहाजं मिळतात. आम्ही तिला ‘तगडा जपान’ म्हणतो.

जानेवारीत 7,800 रुपये मोजून घेतला. वरच्या मजल्यावरच्या काकांबरोबर अडतीस रविवार खेळलो, तीन वेळा वर्ष पूर्ण केलं. रविवारी दोनशे रुपयांच्या आसपास पडले. डोंबिवलीतून दोघांनी सिनेमाला जाऊन यायचं म्हटलं तरी याहून जास्त लागतात, त्यामुळे पैशांबद्दल तक्रार नाही. तक्रार त्या एका सोंगटीबद्दल आहे.

टँकरच्या, म्हणजे तेलवाहू जहाजांच्या, सोंगट्या दहा असायला हव्यात, आमच्या डब्यात नऊ निघाल्या. हे मला एप्रिलच्या खेळीला कळलं, म्हणजे घरात डबा आल्यावर चौथ्या रविवारी, कारण सुमात्रातल्या पालेम्बांगचं तेल सुरू होईपर्यंत टँकर पटावर येतच नाहीत. दहा टँकर महिन्याला तेलाचे दहा काळे ठोकळे आणतात. चार देशासाठी बाजूला काढायचे, उरले सहा. एक विमानवाहू जहाज मोहिमेवर काढलं की एक ठोकळा गेला. नऊ टँकर असले तर सहाचे पाच होतात, म्हणजे दर महिन्याला एक विमानवाहू बंदरात बसून राहणार. हे मी विक्रेत्याला हिशेबासकट दोनदा लिहून पाठवलं. त्यांच्या लेखी तो पुठ्ठ्याचा तुकडाच राहिला.

शेवटी काकांनी शर्टाच्या खोक्याचा पांढरा पुठ्ठा कापून दहावी सोंगटी केली. काका सव्वीस वर्षं तेलवाहू जहाजांवर इंजिनात होते. बॉलपेनने त्यांनी जुन्या घाटाचा टँकर काढला: मधोमध ब्रिज, मागे धुराडं, पाण्याची रेघ वर आलेली. “भरलेला आहे म्हणून खाली बसलाय,” म्हणाले. छापील सोंगट्यांवरची जहाजं सगळी रिकामी असल्यासारखी पाण्याच्या वर तरंगतात, हे मला तोवर दिसलंच नव्हतं.

पहिल्या वर्षी मी जपान घेतला, काकांनी अमेरिका-ब्रिटन, आणि मला दहाही जहाजांचा मोह आवरला नाही. एप्रिलमध्ये हिंदी महासागरात शिरलो. खऱ्या 1942 मध्येही 5 एप्रिलला कोलंबोवर, 9 तारखेला त्रिंकोमालीवर हल्ला झाला, मधल्या दिवशी, 6 तारखेला, विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बॉम्ब पडले, आणि ‘हर्मीस’ हे ब्रिटिश विमानवाहू बुडालं. मग जपानी आरमार परत फिरलं. मी फिरलो नाही, कोलंबो घेतलं. जूनमध्ये मिडवे बेटाची लढाईही जिंकलो, जिथे प्रत्यक्षात जपानने चार विमानवाहू जहाजं गमावली. आणि जुलैत माझ्याकडे तेलाचा एक ठोकळा उरला. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, तीन खेळ्या माझं जगातलं सगळ्यात मोठं आरमार पॅसिफिकमधल्या ट्रुक या जपानी तळाच्या बंदरात नांगर टाकून बसलं होतं, आणि काका सॉलोमन बेटांतल्या ग्वादलकनालवर धावपट्टी बांधत होते.

तेव्हा मला खेळाचा राग आला होता. जहाजं वाढवली तर टँकर का वाढवले नाहीत? मांडणी करणाऱ्याने घाईत काम उरकलंय, असं मी ग्रुपवर लिहिलं होतं. ते वाक्य मी आज मागे घेतो. ‘यामातो’ ही जगातली सगळ्यात मोठी युद्धनौका 1942 च्या ऑगस्टपासून कित्येक महिने ट्रुकलाच उभी होती, तेल जपून वापरायचं होतं हे त्याचं एक मोठं कारण. खलाशी तिला ‘यामातो हॉटेल’ म्हणायचे. मुळात जपान युद्धात उतरला तोच तेलासाठी. 1941 च्या जुलैत अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली, ऑगस्टपासून तेल बंद झालं, आणि तोवर जपानचं चार पंचमांशाच्या आसपास तेल अमेरिकेकडूनच येत होतं. टँकर न वाढवता जहाजं वाढवली की काय होतं, हेच या मांडणीला दाखवायचं होतं. मला ते कळायला बारा रविवार लागले.

दुसरा आक्षेपही मागे घ्यावा लागतोय. वर्षभरात काकांच्या पाणबुड्यांनी माझा एकही टँकर बुडवला नाही. फाशावर सहा पडले तरच टॉर्पेडो लागतो, असा नियम आहे. मी म्हटलं, हे जपानचे लाड आहेत. काका म्हणाले, “अरे, आदळून उपयोग काय? फुटायला नको?” मग त्यांनी ‘तोनान मारू 3’ची गोष्ट सांगितली. 1943 च्या जुलैत ट्रुकजवळ ‘टिनोसा’ या अमेरिकी पाणबुडीने या प्रचंड तेलवाहू जहाजावर एकामागून एक टॉर्पेडो सोडले. जहाज थांबलेलं, अंतर सोयीचं, नेम बरोबर. टॉर्पेडो जाऊन आदळत होते आणि फुटत नव्हते. कप्तानाने शेवटचा एक मुद्दाम ठेवला आणि तपासायला पर्ल हार्बरला परत नेला. अमेरिकी टॉर्पेडो ठरवल्यापेक्षा खोल जायचे, त्यांचा चुंबकीय स्फोटक दगा द्यायचा आणि नीट काटकोनात आदळले तर टोकाची खीळच वाकायची. हे दुरुस्त व्हायला 1943 उजाडलं, आणि टँकरांची खरी कत्तल त्यानंतरची. तेव्हा 1942 पुरता फाशाचा नियम चोख आहे.

पट आर्ट पेपरचा आहे, आणि तो आपल्या हवेत टिकत नाही हेही लिहायला हवं. जुलैत फुगला. फिलिपिन्सच्या घडीवर अशी उंची आली की सोंगट्या आपोआप घसरून दक्षिण चीन समुद्रात जमा व्हायच्या. 650 रुपयांची ॲक्रिलिक शीट वरून टाकली तेव्हा भागलं. पावसाळ्याआधी टाका.

आता रंगांबद्दल. टँकरच्या सोंगट्या तीन रंगांत येतात: खाकी लष्कराच्या, निळ्या आरमाराच्या, पांढऱ्या नागरी. लष्कराच्या टँकरमधलं तेल आरमाराला हवं असेल तर फासा टाकून परवानगी काढावी लागते. मला हे आधी उगाच गुंतागुंतीचं वाटलं. पण खरोखरच जपानची व्यापारी जहाजं अशी तिघांत वाटलेली होती, आणि एकाचं जहाज माल उतरवून रिकामं परतायचं तेव्हा दुसऱ्याचा माल त्याच धक्क्यावर पडून असायचा. सुमात्राचं, म्हणजे पालेम्बांगचं तेल लष्कराकडे, बोर्निओकडच्या बालिकपापन आणि तराकानचं आरमाराकडे. नियमपुस्तकाच्या शेवटून दुसऱ्या पानावर बारीक टाइपात एक ऐच्छिक नियम आहे: रंग विसरा, सगळे टँकर एकाच तिजोरीचे.

तिसऱ्या वर्षी मी तो नियम घेतला आणि दहाऐवजी सहाच विमानवाहू ठेवली. त्या वर्षीचा जपान मला आजवर भेटलेला सगळ्यात बलाढ्य जपान होता. एप्रिलमध्ये कोलंबो, जूनमध्ये विश्रांती, ऑगस्टमध्ये ग्वादलकनालवर वेळेत पोचलो, नोव्हेंबरला ठोकळे शिल्लक. काकांना उत्तर आफ्रिकेत सैन्य उतरवणं पुढे ढकलावं लागलं, कारण जहाजं ऑस्ट्रेलियाकडे वळवायला लागली. एका बाजूला स्टालिनग्राड, दुसऱ्या बाजूला एल अलामेन, दर महिन्याला जागतिक घटनांचा पत्ता उघडायचा आणि पॅसिफिकच्या धक्क्याने तो कुठल्या कुठे सरकलेला पाहायचा. ऑगस्टचा ‘भारत छोडो’चा पत्ता उत्तम आहे. तो आला की ब्रह्मदेशच्या सीमेवरच्या ब्रिटिश सैन्याचा मोठा भाग देशातल्या बंदोबस्ताला लागतो, आणि प्रत्यक्षातही त्या चळवळीसाठी इंग्रजांनी पन्नासवर बटालियन गुंतवल्या होत्या.

आणि याच मांडणीत एक गोष्ट अशी आहे की जी मी माफ करू शकत नाही. मार्चमध्ये रंगून पडलं की ‘ब्रह्मदेश’ हा पत्ता येतो. त्यावर लिहिलंय: चीनकडे जाणारा रस्ता बंद, चीनचे दोन गुण कमी. बस. ब्रह्मदेशातून बंगालला येणारा तांदूळ थांबला, याचा एक शब्द नाही. जपानी येतील म्हणून सरकारने किनारी बंगालच्या होड्या ताब्यात घेतल्या, साठे हलवले, आणि 1943 च्या दुष्काळात तीस लाखांच्या घरात माणसं मेली असं मानतात. टॉर्पेडोची खीळ ज्याला माहीत आहे, त्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. तेलाचा थेंबन् थेंब मोजणाऱ्या खेळात तांदूळ मोजलेला नाही.

म्हणून तिसऱ्या वर्षी आम्ही आमचा नियम केला. रंगून पडल्यानंतर दर महिन्याला ब्रिटिश खेळाडूने एक मालवाहू जहाज कलकत्त्याला पाठवायचं. नाही पाठवलं, तर पटावरच्या कलकत्त्याच्या घरावर तांदळाचा एक दाणा ठेवायचा. दाण्याने गुण जात नाहीत, काहीच होत नाही. तो फक्त तिथे राहतो. काका ब्रिटिश होते. एप्रिलला दाणा, मेला दाणा. जहाजं कमी होती, त्यांचा नाइलाज होता. नोव्हेंबरला सात दाणे झाले तेव्हा त्यांनी ऑस्ट्रेलियाकडे निघालेलं जहाज उचललं आणि कलकत्त्यावर ठेवलं. मी म्हटलं, “काका, न्यू गिनीतलं पोर्ट मोर्सबी जाईल.” “जाऊ दे,” म्हणाले. डिसेंबरलाही त्यांनी तेच केलं. पोर्ट मोर्सबी गेलं, वर्ष मी जिंकलो, आणि सोंगट्या आवरताना ते सात दाणे कुणीच उचलले नाहीत. शीटखाली जाऊ नयेत म्हणून शेवटी काकांनीच टिपून एका काडेपेटीत ठेवले.

नियम खेळ बनवणाऱ्यांना कळवला आहे. पुढच्या आवृत्तीत घ्या म्हणून.

घ्यावा का? घ्या. दिवाळीनंतर आम्ही चौथं वर्ष सुरू करतोय, काका जपान घेणार आहेत. पण डबा आला की त्याच दिवशी टँकर मोजा: खाकी तीन, निळे चार, पांढरे तीन. कमी असेल तर लगेच कळवा, सात दिवस उलटू देऊ नका.