डेक्कन ओडिसी : आठ दिवसांत काय मिळते आणि काय हुकते

डेक्कन ओडिसीच्या भाड्याचा आकडा कानावर पडला की बहुतेक मराठी घरांत पुढची चौकशी तिथेच थांबते. ते स्वाभाविकही आहे, कारण आठवडाभराच्या प्रवासासाठी माणशी काही लाख रुपये मोजायचे म्हटल्यावर तेवढ्यात परदेशाची सहल होते, हा हिशोब प्रत्येकाच्या मनात होतोच. तरीही महाराष्ट्राच्या पर्यटन महामंडळाने रेल्वेच्या साथीने उभी केलेली ही आलिशान गाडी आहे. ती आपल्याच वेरूळ-अजिंठ्याची, कोल्हापूरची आणि कोकणची ओळख जगाला करून देते. म्हणून श्रीमंतांची चैन एवढेच म्हणून तिला सोडून न देता, ती घेतलेल्या पैशांत नेमके काय देते, हे नीट तपासायला हवे. येथे मी तिच्या ‘महाराष्ट्र स्प्लेंडर’ या सात रात्री आणि आठ दिवसांच्या सहलीचाच विचार करणार आहे, कारण मराठी प्रवाशाला खरा रस त्यातच असेल.

गाडी २००४ मध्ये सुरू झाली. राजस्थानने २६ जानेवारी १९८२ रोजी सुरू केलेल्या पॅलेस ऑन व्हील्सचा आदर्श तेव्हा डोळ्यांसमोर होता, हे उघड आहे. योगायोगाने त्याच २००४ साली मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. करोनाच्या काळात २०२० पासून बंद पडलेली ही गाडी सप्टेंबर २०२३ मध्ये डागडुजी होऊन पुन्हा रुळावर आली. तिच्यात चाळीसहून थोड्या अधिक केबिन असून जास्तीत जास्त अठ्ठ्याऐंशी प्रवासी तिच्यातून जाऊ शकतात. नेहमीच्या गाडीच्या दीड डब्यात मावतील एवढ्या माणसांसाठी एकवीस डबे धावतात, हे लक्षात घेतले की भाडे एवढे का, याचे अर्धे उत्तर मिळते.

उरलेले अर्धे उत्तर तिच्या मार्गात आहे. मुंबईहून नाशिक, तेथून वेरूळ, मग अजिंठा, कोल्हापूर, गोवा, रत्नागिरी आणि परत मुंबई, असा हा फेरा आहे. नकाशा समोर ठेवून हीच ठिकाणे मोटारीने करायची ठरवली तर अडचण कुठे येते ते लगेच दिसते. नाशिक, वेरूळ आणि अजिंठा ही एक सलग सहल होऊ शकते, कोल्हापूर आणि गोवा ही दुसरी होऊ शकते, पण अजिंठ्याहून कोल्हापूर गाठायचे म्हणजे मोटारीत अख्खा दिवस घालवावा लागतो आणि दुसऱ्या दिवशी काही पाहण्याचे त्राण उरत नाही. डेक्कन ओडिसी हे अंतर प्रवासी झोपेत असताना कापते. सामान एकदाच लावायचे, कपाट एकदाच भरायचे, रोज सकाळी खिडकीबाहेर नवे स्टेशन. माझ्या मते या गाडीचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे, आणि ज्यांच्या घरात सत्तरीच्या पुढचे आईवडील आहेत त्यांना त्याची किंमत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

केबिनबद्दल मात्र आधीच स्पष्ट कल्पना असलेली बरी. जाहिरातीतील छायाचित्रे रुंद भिंगाने काढलेली असतात, पण डबा शेवटी रेल्वेचाच असतो. त्याची रुंदी सव्वातीन मीटरच्या आसपास, आणि त्यातून येण्याजाण्याचा बोळ वजा जातो. त्यामुळे पलंग, लहानसे कपाट, लिहायचे मेज आणि स्वतंत्र न्हाणीघर हे सगळे फार विचारपूर्वक बसवावे लागते. ते येथे बसवले आहे, पण दोन मोठ्या बॅगा उघड्या ठेवून वावरता येईल एवढी जागा साध्या केबिनमध्ये मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. प्रेसिडेन्शियल स्वीटमध्ये बसायची खोली निराळी असते. एरवी दिवस मावळल्यावर बसायला-बोलायला सामाईक लाउंज असतो, बार आहे, व्यायामाची खोली आहे, मालिश आणि वाफेची सोय असलेला स्पा आहे. यांपैकी स्पाचा डबा मला अनावश्यक वाटतो. दिवसभर लेणी चढून आलेल्या माणसाला पाय चोळून घ्यावेसे वाटतात हे खरे, पण त्या डब्याच्या जागी मोठ्या काचांचा, नुसता बाहेर पाहत बसण्याचा डबा असता तर गाडीला गाडीपण आले असते.

सेवेला मात्र मी मनापासून दाद देतो. प्रत्येक डब्याला ठरलेला परिचारक असतो. दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला कोणाचा चहा बिनसाखरेचा, कोणाला सकाळी सहाला उठवायचे आणि कोणाला मुळीच उठवायचे नाही, हे पाठ झालेले असते. भोजनाच्या डब्यांना ‘पेशवा’ नाव दिले आहे. रुळांचा सांधा बदलताना टेबल हलते म्हणून वाढपी पेला काठोकाठ भरत नाही, अर्ध्यावर थांबतो आणि दर पाच-सात मिनिटांनी परत येऊन पाहून जातो. डबा एका अंगाला कलला तर हातातल्या भांड्यासकट तो गुडघ्यात किंचित वाकतो आणि तोल सावरून पुन्हा सरळ उभा राहतो. हे कसब हॉटेलात शिकून येत नाही, त्यासाठी धावत्या गाडीत बरीच वर्षे उभे राहावे लागते.

सहलीचे दोन सर्वांत समृद्ध दिवस वेरूळ आणि अजिंठ्याचे. दोन्ही ठिकाणे १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. वेरूळच्या चौतीस लेण्यांपैकी सोळाव्या, म्हणजे कैलास लेण्यासाठी वेळ राखून ठेवलेला असावा ही अपेक्षा रास्त आहे, कारण राष्ट्रकूटांच्या काळात आठव्या शतकात डोंगर वरून खाली कोरत नेऊन मोकळे केलेले हे मंदिर धावतपळत पाहण्याची वस्तू नाही. येथे चांगला मार्गदर्शक किती फरक पाडतो ते कळते. बहुतेक पर्यटक समोरच्या दारातून आत शिरतात, हत्ती आणि स्तंभ पाहतात आणि निघतात. जाणकार माणूस मात्र आधी बाजूच्या पायवाटेने डोंगरावर नेतो, तेथून शिखरावर नजर टाकायला लावतो, आणि मग खाली उतरवतो. वर उभे राहिले की आपण ज्या कड्यावर आहोत तोच एके काळी मंदिराच्या जागी सलग होता, हे एका क्षणात समजते, आणि छिन्नीच्या उभ्या खुणा कड्यावर खालपर्यंत उतरत गेलेल्या दिसतात. गटातले कोणी चढू शकत नसेल तर निदान बाकीच्यांना वर नेण्याची व्यवस्था आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

अजिंठ्याचा दिवस शारीरिकदृष्ट्या जड जातो. वाहने चार किलोमीटर अलीकडे थांबतात, तेथून लेण्यांपर्यंत बस असते आणि पुढे पायऱ्या. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले मिळतात. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या भित्तिचित्रासमोर मंद उजेडात डोळे स्थिरावायला दोन-तीन मिनिटे जाऊ द्यावी लागतात, तेव्हा कुठे मुकुटातील निळा आणि पापण्यांची रेघ उमटू लागते. गटाला पुढे ढकलण्याची घाई झाली तर हा अनुभव हातचा जातो. म्हणून अठ्ठ्याऐंशी प्रवाशांचे लहान लहान गट करून वेगवेगळ्या लेण्यांपासून सुरुवात करणे, एवढी एक गोष्ट आयोजकांनी केली तरी सहलीचा दर्जा पुष्कळ उंचावतो. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, त्यामुळे गाडीचा वार त्या हिशोबाने ठरलेला असतो. स्वतंत्रपणे जाणाऱ्यांची येथे हमखास फसगत होते.

आता माझी मुख्य तक्रार. रेल्वेचा प्रवास म्हणून विकली जाणारी ही सहल रेल्वेचे उत्तम ते अंधारात संपवते. कोल्हापूरहून गोव्याकडे जाताना कॅसल रॉक ते कुळे हा ब्रगांझा घाट लागतो. सदतीस फुटांमागे एक फूट असा तेथला उतार आहे, चढणाऱ्या गाड्यांना मागून ढकलणारी बँकर इंजिने लावावी लागतात, आणि रूळ थेट दूधसागरच्या तीनशे मीटरहून उंच धबधब्यासमोरून जातात. भारतातील रेल्वेमार्गांवर याच्या तोडीच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. पण कोल्हापूर दिवसा, गोवा दुसऱ्या दिवशी, असे वेळापत्रक असल्यामुळे घाट रात्री पार होतो. कोकण रेल्वेचेही तेच. २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण झालेल्या या मार्गावर रत्नागिरीच्या दक्षिणेला पानवल नदीवरचा सुमारे चौसष्ट मीटर उंचीचा पूल आहे, उत्तरेला साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आहे, मधे खाड्या, नारळीच्या बागा, लाल मातीच्या धारा आहेत. यातला उत्तरेकडचा सगळा भाग रत्नागिरीहून मुंबईकडे परतणाऱ्या शेवटच्या रात्री झोपेत निघून जातो.

कारणे मला समजतात. कोकण रेल्वेचा मार्ग बहुतांशी एकेरी आहे, त्यावर नेहमीच्या गाड्यांची गर्दी आहे, दिवसा मोकळी वेळ मिळणे अवघड आहे. शिवाय प्रवाशांना दिवसा स्थळे दाखवायची तर गाडीला रात्रीच पळावे लागते. गाडीचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल असा असल्याने पावसातला सह्याद्री तर तिच्या वाट्याला येतच नाही. तरीही निदान गोवा ते रत्नागिरी हा टप्पा उजेडात काढायला हवा आणि त्यासाठी एखादे दर्शनस्थळ कमी झाले तरी चालेल, असे माझे ठाम मत आहे. ज्यांना केवळ कोकणातले डोंगर आणि खाड्याच पाहायच्या आहेत त्यांनी मुंबई-मडगाव जनशताब्दीच्या व्हिस्टाडोम डब्याचे तिकीट काढावे. काचेच्या छताखाली, दिवसाउजेडी, काही हजारांत तो आनंद मिळतो.

कोल्हापूरचा दिवस अंबाबाईचे मंदिर आणि नवा राजवाडा यांच्यामुळे भरलेला असतो. परंतु मराठी माणसाला येथे एक गोष्ट खुपल्याशिवाय राहत नाही. मार्गावरील थांब्यांच्या नावांत एकही किल्ला नाही. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याची बारा किल्ल्यांची मालिका जागतिक वारसा यादीत गेली, त्यातला पन्हाळा कोल्हापूरपासून वीस-बावीस किलोमीटरवर आहे, रस्ता थेट वरपर्यंत जातो, तटबंदीवर फारसे चढायचेही नाही. परदेशी पाहुण्याला लेणी आणि चर्च दाखवून शिवकालाचा दगड न दाखवता परत पाठवणे मला पटत नाही. आरक्षण करताना पन्हाळ्याचा कार्यक्रम आहे का, नसल्यास स्वतंत्र गाडी मिळेल का, हे जरूर विचारावे. रत्नागिरीत थिबा राजवाड्यासाठी तासभर मिळाला तर तो सोडू नये. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजाला तीस वर्षे या गावात ठेवले गेले, त्याच्यासाठी बांधलेला हा वाडा १९१० मध्ये पूर्ण झाला आणि १९१६ मध्ये तो येथेच वारला. ही कथा रत्नागिरीकर मार्गदर्शकाच्या तोंडून ऐकण्यासारखी आहे. नाशिकच्या द्राक्षमळ्यांबद्दल आणि गोव्यातील जुन्या चर्चबद्दल वेगळे सांगण्यासारखे फार नाही. दोन्ही नीट दाखवतात.

जेवणात भारतीय आणि पाश्चात्त्य दोन्ही पद्धती असतात, आणि मसाले परदेशी पाहुण्यांच्या बेताने उतरवलेले असतात. मराठी प्रवाशाने आपली फर्माईश पहिल्याच दिवशी सांगावी. कोल्हापूर सोडताना रात्री तांबडा-पांढरा रस्सा आणि रत्नागिरीत सोलकढीसह माशाचे जेवण, हे या गाडीत हक्काने मिळायला हवे.

इतर गाड्यांशी तुलना करायची तर महाराजाज एक्स्प्रेस २०१० पासून धावते, तिच्यात अख्खा एक डबा व्यापणारा ‘नवरत्न’ स्वीट आहे, आणि थाटाच्या बाबतीत ती पुढे आहे. कर्नाटकची गोल्डन चॅरियट २००८ ची. तिच्या डब्यांना कदंब, होयसळ, राष्ट्रकूट अशा राजघराण्यांची नावे आहेत, ती कल्पना मला फार आवडते आणि आपल्याकडे ती सुचू नये याचे वाईट वाटते. डेक्कन ओडिसीची जमेची बाजू मार्गातली विविधता ही आहे : लेणी, तीर्थ, राजवाडा, समुद्र, एका आठवड्यात.

मग कोणी जावे? परदेशात वाढलेल्या मुलांना आणि नातवंडांना महाराष्ट्र एका दमात दाखवायचा असेल, किंवा आईवडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनासारखा प्रसंग असेल, तर हा खर्च सार्थकी लागतो, असे माझे मत आहे. ज्यांनी वेरूळ-अजिंठा आणि कोकण आधी पाहिले आहे, त्यांनी एवढे पैसे खर्चू नयेत. कमी खर्चात गाडीने शिवकालीन स्थळे पाहू इच्छिणाऱ्यांसाठी आयआरसीटीसीची भारत गौरव योजनेतील छत्रपती शिवाजी महाराज सर्किट ही सहल आहे. तिची सोय साधी आहे, पण रायगड, शिवनेरी, प्रतापगड आणि पन्हाळा तिच्या कार्यक्रमात आहेत.

आरक्षण करणाऱ्यांसाठी काही सूचना. भाड्यात जेवण, स्थलदर्शन, प्रवेशशुल्क आणि मार्गदर्शक धरलेले असतात, पण मद्य, स्पा, धुलाई आणि बक्षिसी यांचे पैसे वेगळे लागतात, म्हणून ‘सर्व समाविष्ट’ असे कोणी तोंडी सांगितले तर यादी लेखी मागून घ्यावी. जनरेटरचे डबे टोकांना असतात, तेव्हा झोप हलकी असणाऱ्यांनी केबिन गाडीच्या मध्यभागी मागावी. पलंग जोडलेला हवा की वेगवेगळा, हे नोंदणीच्या वेळीच कळवावे, ऐनवेळी बदल होत नाही. आणि गोवा ते रत्नागिरी गाडी किती वाजता निघते ते विचारून घ्यावे : पहाटेची वेळ असेल तर त्या दिवशी गजर लावून उठावे आणि सकाळचा चहा केबिनमध्ये न मागवता लाउंजच्या खिडकीशी घ्यावा.