पार्टी (म्हणजे माल घेणारं दुकान) कुठून कुठे सरकली ते दाखवणारी एक्सेल शीट, बरेच महिने वापरून झाल्यावर

कराडला आमची नमकीन-बिस्किटांची एजन्सी आहे, सोबत थोडा साबण-पावडरचा माल. साडेतीनशेच्या आसपास किराणा दुकानं, हिशोबाचं सगळं मी बघते. किती रकमेचा माल घेतात त्यावरून दुकानांचे गट आहेत, सगळ्यात मोठी ए, मग बी, मग सी. 2025 च्या जूनपासून एक शीट चालवतेय ज्यात कुठली पार्टी ए मधून बी मध्ये उतरली, कोण सी मधून वर आली, कोण बंद पडली ते एका चौकटीत दिसतं. ओळखीतल्या दोन-तीन एजन्सीवाल्यांनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते, लांबेल जरा.

आधी आमच्याकडे महिन्याला फक्त मोजणी असायची, ए इतक्या, बी इतक्या, सी इतक्या. समजा मागच्या वेळी ए 40 आणि या वेळी पण ए 40, तर सगळे निवांत. पण त्यातल्या 9 खाली उतरल्या आणि दुसऱ्या 9 वर आल्या तरी आकडा 40च दिसणार ना! नेमक्या उतरलेल्या 9 जुन्या आणि मोठ्या असल्या तर ते कळायला थेट वार्षिक टार्गेट चुकायची वाट बघायची.

शीट तशी साधी आहे. डावीकडे खाली-खाली आधीची कॅटेगरी, वरती आडवी आत्ताची कॅटेगरी, दोन्हीकडे क्रम तोच, ए, बी, सी, बंद. मधल्या प्रत्येक घरात काउंटइफ्स, म्हणजे दोन्ही अटींत बसणाऱ्या पार्ट्या मोजणारा फॉर्म्युला. तिरक्या रेषेतल्या घरात असलेल्या पार्ट्या जिथल्या तिथे आहेत, रेषेच्या उजवीकडच्या उतरल्या, डावीकडच्या चढल्या. एकदा नजर बसली की दहा सेकंदांत कळतं कुठे गळती आहे.

पण खरं काम चौकटीच्या आधीचं आहे. पहिली गोष्ट, यादी पार्टी मास्टरवरून (सगळ्या पार्ट्यांची कायमची यादी) घ्यायची, सेल्स रजिस्टरवरून नाही, कारण ज्या दुकानाने काही घेतलंच नाही ते रजिस्टरमध्ये येतच नाही आणि मग 'बंद' हा कॉलम कायम रिकामा दिसतो आणि आपण समजतो सगळं छान चाललंय. दुसरी, नावावर जुळवायचंच नाही, कोडवर जुळवायचं. 'श्री गणेश किराणा' आमच्याकडे चार गावांत आहे आणि त्यातला एक 'श्रीगणेश' असा जोडून लिहिलेला. कोडच्या सुरुवातीला शून्य असेल तर तो कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवा, नाहीतर 0045 चं 45 होतं आणि जुळणी गेली. या काळात नव्याने उघडलेल्या पार्टीला 'नवीन' अशी वेगळी ओळ द्या, तिला बंदमधून वर आली असं धरलं तर चित्र उगाच गोड दिसतं.

कॅटेगरी ठरवायला लांबलचक इफमध्ये इफ लिहू नका. वेगळ्या शीटवर चार ओळींचा छोटा टेबल करा, 1 पासून सी, 5000 पासून बी, 12000 पासून ए, आणि व्हीलुकअप (टेबलात शोधून उत्तर आणणारा फॉर्म्युला) शेवटी ट्रू देऊन लावा, म्हणजे रक्कम ज्या टप्प्यात बसते ती कॅटेगरी येते. सगळ्यात वरच्या 'बंद'च्या ओळीत शून्य न टाकता मोठी मायनस रक्कम टाका, कारण ज्या पार्टीचा फक्त परतीचा माल आला तिचा आकडा मायनसमध्ये जातो आणि तिथे एरर येते. त्याच कामाचं नवीन एक्सलुकअप पण चालतं, पण ते एक्सेल 2016 आणि 2019 मध्ये नाही. ऑफिसचा जुना कॉम्प्युटर आणि घरचा लॅपटॉप दोन्हीकडे फाइल उघडायची असेल तर व्हीलुकअपच बरं.

आता मुद्द्याचं. इतके महिने वापरून मला एक पक्कं पटलंय की या चौकटीत दिसणारी प्रत्येक हालचाल ही दुकानाची नसते. बऱ्याचदा दुकान जागेवर असतं आणि आपली मोजायची रेघ हललेली असते. सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये हे इतकं ठळक दिसलं की विचारू नका.

आमचा माल बीटप्रमाणे, म्हणजे ठरलेल्या वारी ठरलेल्या भागात जातो, मंगळवारी ओगलेवाडी, बुधवारी मलकापूर असं. सप्टेंबर 2025 मध्ये मंगळवार आले पाच. ऑक्टोबरमध्ये चार, आणि त्यातला 21 तारखेचा मंगळवार म्हणजे लक्ष्मीपूजन, त्या दिवशी कोण गाडी काढणार. म्हणजे मंगळवारच्या दुकानांना एका महिन्यात पाच फेऱ्या आणि दुसऱ्यात तीन! कॅलेंडरच्या महिन्याने तुलना केली तर अख्खी ओगलेवाडी ए मधून बी मध्ये कोसळलेली दिसते, आणि तिथला सेल्समन बिचारा उगाच बोलणी खातो. म्हणून मी महिना सोडून चार-चार आठवड्यांचे तुकडे धरते. त्यातही सणाची सुट्टी आली तर ती फेरी पुढे-मागे कधी झाली ते बघावं लागतं, पण निदान पाचव्या मंगळवाराचा घोळ संपतो.

त्यात भर म्हणजे 22 सप्टेंबरला जीएसटी बदलला, बिस्किटांचा 18 वरून 5, नमकीनचा 12 वरून 5. आता बघा, एखादं दुकान टॅक्स सोडून 10,500 ची बिस्किटं घेत असेल तर आधी बिलाची रक्कम 12,390 व्हायची, नंतर 11,025. तुम्ही बिलाच्या एकूण रकमेवर कॅटेगरी लावत असाल आणि ए ची रेघ 12,000 ला असेल, तर माल एक पुडा कमी न घेता ते दुकान बी मध्ये गेलं. म्हणून कॅटेगरी कायम टॅक्स सोडून असलेल्या रकमेवरच लावायची. आमचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर दोन्ही कॉलम देतं, त्यामुळे ही अडचण आली नाही. पण ओळखीतल्या एकाची शीट पूर्ण एकूण रकमेवर होती आणि तो दिवाळीत डोकं धरून बसला होता.

तरी टॅक्स काढून टाकला म्हणजे सगळं सुटलं असंही नाही. 22 तारखेच्या आधीचे दोन-तीन आठवडे दुकानदार माल उचलतच नव्हते, रेट उतरणार म्हणून थांबलेले, आणि नंतर दिवाळीचा आणि साठलेला असा सगळा माल एकदम गेला. त्या काळातल्या दोन चौकटी मी सरळ बाजूला ठेवल्यात, त्यावरून कोणालाच काही विचारलं नाही.

आणि मग ऊस. नोव्हेंबरपासून कारखाने सुरू झाले की ज्या गावांत तोडणीच्या टोळ्या उतरतात तिथली छोटी दुकानं सी मधून बी मध्ये येतात, छोटे पुडे आणि साबण जोरात खपतो, आणि टोळ्या परत गेल्या की ती खाली येणारच. त्यांना 'घसरलेली पार्टी' म्हणण्यात काय अर्थ आहे? मास्टरमध्ये अशा दुकानांपुढे एक खूण करून ठेवलीय, फिल्टर लावून ती वेगळी बघता येतात.

रेघेवरची दुकानं हा अजून एक वैताग. 11,800, मग 12,150, मग 11,900, असं करत एकच पार्टी दर वेळी वर-खाली नाचते आणि चौकट उगाच हलती दिसते. त्यावर उपाय म्हणजे चढायला 12,000 लागतील पण उतरवायचं 10,500 च्या खाली गेल्यावरच. फॉर्म्युला थोडा वाढतो कारण आधीची कॅटेगरी पण तपासावी लागते, पण हे केल्यावर यादी बरीच लहान झाली, आणि उरली ती कामाची. काही जण टॉप 20 टक्के म्हणजे ए असं धरतात. मला ते पटत नाही, कारण तिथे एक वर गेला की दुसऱ्याला खाली यावंच लागतं, त्याने माल वाढवला असला तरी.

सगळ्यात जास्त वापर कशाचा होत असेल तर पिव्होट टेबलच्या (एक्सेल स्वतःच गोषवारा करून देतं तो टेबल) डबल-क्लिकचा. तीच चौकट पिव्होटमध्ये पण लावलीय, 'बी मधून सी' या घरावर डबल-क्लिक केलं की त्या पार्ट्यांची यादी नवीन शीटवर उघडते. ती बीटप्रमाणे लावून सोमवारी सकाळी सेल्समनच्या ग्रुपवर टाकते. त्यात शेवटी एक रिकामा कॉलम असतो, 'कारण'. तो सेल्समननेच भरायचा. आणि तिथे जे येतं ते कुठल्याच फॉर्म्युल्यातून येणार नाही, रस्ता खणलाय, मालक आजारी, भावाभावात दुकान वाटलं गेलं, दुसऱ्या एजन्सीची स्कीम, 'वहिनी तुम्हीच उधारी बंद केली होती'. या शेवटच्या कारणाची दुकानं निघाली बरीच आणि त्यावर घरात सासऱ्यांशी दोन दिवस चर्चा चालली होती!

पार्ट्यांच्या मोजणीशेजारी रुपयांची चौकट पण हवीच. तिथे काउंटइफ्सऐवजी बेरीज करणारं सम-इफ्स, आणि रक्कम म्हणून आत्ताचा सेल वजा आधीचा सेल. चढलेल्या आणि उतरलेल्या पार्ट्या सारख्याच असल्या तरी रुपयात तसं नसतं. टक्केवारी काढताना मात्र लक्ष द्या. आडव्या ओळीची टक्केवारी सांगते की बी वाल्या कुठे गेल्या, उभ्या कॉलमची सांगते की आत्ताच्या ए वाल्या आल्या कुठून. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पिव्होटमध्ये दोन्ही ऑप्शन एकाखाली एक असल्याने पटकन भलताच दाबला जातो.

एमएमल्ट (दोन चौकटींचा गुणाकार करणारा फॉर्म्युला) वापरून टक्क्यांची चौकट तिच्या स्वतःशीच गुणून पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज काढायचा प्रकार पण करून बघितला. गणित बरोबर आहे, पण त्यात धरलेलं असतं की दर वेळी हालचाल त्याच टक्क्याने होणार, आणि दिवाळीनंतरचा महिना दिवाळीच्या महिन्यासारखा कधी असतो का. सोडून दिलं. रंगीत पट्ट्यांचा सँकी चार्ट दिसायला मस्त, पण एक्सेलच्या स्वतःच्या चार्टमध्ये तो नाही, बाहेरचं काहीतरी जोडावं लागतं. मी कंडिशनल फॉर्मॅटिंगने घरांना लाल-हिरवा रंग दिलाय, तेवढं पुरतं.

आमचे एक नातेवाईक बँकेत आहेत, त्यांना दाखवलं तर म्हणाले अगं हे आम्ही थकीत कर्जाला करतो की, 30 दिवसांपर्यंत एक गट, 60 पर्यंत दुसरा, 90 पर्यंत तिसरा, त्यापुढे एनपीए म्हणजे थकून अडकलेलं कर्ज, आणि कुठल्या गटातून किती पुढे सरकले ते बघायचं. त्यावरून उधारीची तशीच शीट जानेवारीत चालू केली, 15, 30 आणि 45 दिवसांची. ती मला सेलच्या शीटपेक्षा जास्त उपयोगी वाटायला लागलीय, कारण बिलाची तारीख पक्की असते, तिथे ना सण आडवा येतो ना जीएसटी. 30 च्या गटातून 45 मध्ये सरकलेली पार्टी पुढच्या दोन फेऱ्यांत सेलच्या शीटवर पण उतरलेली दिसते, निदान आमच्याकडे तरी बऱ्याचदा.

पन्नास-साठ दुकानं असतील तर मात्र या सगळ्याच्या नादी लागू नका. तेवढ्या पार्ट्या सेल्समनला तोंडपाठ असतात, चहा पाजा आणि विचारा.