जुनी पार्लर गिटार घ्यायचीय: वॉशबर्न की मार्टिन?

१९०० च्या आसपासची अमेरिकन पार्लर, म्हणजे लहान अंगाची गिटार, शोधायला लागलं की फिरून फिरून दोनच नावांपाशी गाडी येते, शिकागोच्या लायन अँड हीलीची वॉशबर्न आणि पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथची मार्टिन. माझ्याकडे दोन्ही होत्या, आता एकच आहे, म्हणजे कल कुठे आहे ते दिसेलच, तरी वॉशबर्नवर अन्याय होऊ नये असं मनापासून वाटतं.

कारण वॉशबर्न हातात घेतली की आवडतेच. त्या काळातल्या बऱ्याच मॉडेल्सना पाठ आणि कडा ब्राझिलियन रोजवुडच्या, वर बारीक जडावकाम, आणि तेवढ्याच पैशात मार्टिन बघायला गेलात तर अगदी साधी, कुठेतरी भेग पडलेली मिळेल. लॅडर ब्रेसिंगमुळे, म्हणजे आतल्या आधाराच्या पट्ट्या शिडीसारख्या आडव्या असल्यामुळे, आवाज कोरडा, झटकन उठतो आणि झटकन विरतो, जुन्या ब्लूजच्या फिंगरपिकिंगला तर हाच आवाज हवा असतो. नुसती वाजवायला घेणार असाल तर इथेच थांबा आणि खुशाल वॉशबर्न घ्या.

माझं घोडं अडलं ते साल काढताना. वॉशबर्नचं मूळ सिरियल रजिस्टर आज नाही, त्यामुळे जुने कॅटलॉग समोर ठेवून रोझेट (साउंडहोलभोवतीची नक्षी), ब्रिज, हेडस्टॉकचा आकार, ट्यूनर असं एकेक जुळवत बसायचं, आणि शंभर वर्षांत कुणीतरी ट्यूनर बदललेले असतात, ब्रिज तर हमखास, मग पुरावाच गेला. माझ्या एकाच गिटारला एका विक्रेत्याने १८९२ सांगितलं, दुसऱ्याने १९०५, दोघंही तितक्याच खात्रीने. कुणाला यातच मजा वाटत असेल, मला रात्री झोप लागेना.

मार्टिनचं तसं नाही. १८९८ पासून सिरियल नंबर आहेत, सुरुवातच ८००० पासून केलेली. साउंडहोलमधून छोटा आरसा आणि टॉर्च घालून नेक ब्लॉक (नेक जिथे जोडतात तो आतला ठोकळा) बघितला, आकडा ९४०० च्या पुढचा निघाला, यादीत १९०१ संपतं ९३१० ला आणि १९०२ संपतं ९५२८ ला, म्हणजे १९०२, विषय संपला. त्याआधीची असेल तर नंबर मिळत नाही, पण आत ‘न्यूयॉर्क’चा शिक्का दिसेल, गिटार नाझरेथलाच बनायची, विक्रीचे एजंट न्यूयॉर्कचे होते म्हणून तो शिक्का, १८९८ ला तोही बदलून नाझरेथ झाला. मॉडेलचा शिक्का मात्र १९३० पर्यंत नाही, त्यामुळे टेप लावून बॉडीची खालची रुंदी मोजायची: १२ इंच म्हणजे साइझ २, पाऊण इंच जास्त भरली तर साइझ १.

आवाज? एक्स ब्रेसिंगची, म्हणजे आतल्या पट्ट्या फुलीसारख्या असलेली, १-२१ (साइझ १, स्टाइल २१; स्टाइल म्हणजे लाकूड आणि सजावट) मला जास्त भरीव वाटते, बोटं हलकी ठेवली तरी खालच्या तारा बोलतात. हे माझ्या कानाचं मत. आणि सगळ्याच जुन्या मार्टिन एक्सच्या नसतात, साध्या स्टाइल्समध्ये फॅन ब्रेसिंगही (पंख्यासारख्या पट्ट्या) असतं, आत बघूनच घ्या.

स्टीलच्या तारा दोन्हींना लावू नका हो. या गिटारी आतड्याच्या तारांसाठी बनलेल्या, मार्टिनने स्टील नेहमीसाठी लावायला सुरुवात केली तीच १९२२ ला २-१७ पासून. ब्रिजमागे टॉप (वरची पाटी) फुगलाय का ते पट्टी आडवी धरून बघा, किमतीत पहिली घासाघीस तिथेच करायची.

परदेशातून घेऊन पुण्याला न्यायचा विचार असेल तर आधी परमिटचं बघा, मग पैसे द्या. ब्राझिलियन रोजवुड १९९२ पासून साइटीसच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) सगळ्यात कडक यादीत आहे. १९१७ नंतरची महोगनीची १-१८ घेतली म्हणजे सुटलो असं अनेकांना वाटतं, पण तिच्या हेडस्टॉकवरचा पातळ थर रोजवुडचाच असतो. ४२ सारख्या भारी स्टाइलला तर हस्तिदंत, ती भानगड नकोच. मी आज पुन्हा घ्यायची म्हटली तर साधी १-२१च बघेन, नेक रीसेट झालेली (नेक काढून योग्य कोनात पुन्हा बसवलेली), शिक्का स्वच्छ वाचता येणारी, भेग दुरुस्त केलेली असली तरी चालेल.