बड लाइटचा सात-बारा: राष्ट्राध्यक्षांच्या ग्लासातल्या बिअरचे परीक्षण

बिअरच्या चवीबद्दल लिहायला बसलो आणि पहिला अर्धा तास कॅनवरची बारीक अक्षरे वाचण्यातच गेला, असे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडले. निमित्त तसे जुने आहे. ३० जुलै २००९ च्या संध्याकाळी व्हाइट हाउसमध्ये रोझ गार्डनलगत एका गोल टेबलाभोवती चौघे जण बिअर घेऊन बसले होते: राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा, उपराष्ट्राध्यक्ष जो बायडन, हार्वर्डचे कृष्णवर्णीय प्राध्यापक हेन्री लुईस गेट्स आणि त्याच महिन्यात गेट्स यांना मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या त्यांच्या राहत्या घरी अटक करणारे गोरे पोलीस सार्जंट जेम्स क्राउली. या अटकेवर ओबामांनी पोलिसांना दोष देणारे विधान केले होते, त्यावरून गदारोळ उठला होता आणि तो शमवण्यासाठी ही बैठक होती. मात्र बैठकीआधीच्या दिवसांत अमेरिकेत चवीने चघळला गेलेला प्रश्न वेगळाच होता, तो म्हणजे कोण कोणती बिअर पिणार आणि ती बिअर कोणाच्या मालकीची असणार.

ओबामांनी बड लाइट घेतली, क्राउली यांनी संत्र्याची फोड लावलेली ब्लू मून, गेट्स यांनी सॅम अ‍ॅडम्स लाइट आणि दारू न पिणाऱ्या बायडन यांनी बकलर ही बिनअल्कोहोलची डच बिअर. ओबामांच्या निवडीला जाहीर हरकत घेतली ती त्यांच्याच पक्षाच्या रिचर्ड नील या संसदेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधींनी. बडवायझरची कंपनी आता परक्यांची झाली आहे, तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी अमेरिकी मालकीची सॅम अ‍ॅडम्स घ्यावी, असे पत्रच त्यांनी पाठवले. सॅम अ‍ॅडम्स बॉस्टनची, म्हणजे नील यांच्याच राज्यातली. त्यामुळे त्या पत्रातला देशाभिमान किती आणि मतदारसंघाची काळजी किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

माझ्यापुढे आज त्या टेबलावरच्या दोन बिअर आहेत, बड लाइट आणि ब्लू मून. सॅम अ‍ॅडम्सची लाइट दुकानात मिळाली नाही, म्हणून तिची थोरली बहीण बॉस्टन लागर आणली. तिन्ही एकाच आकाराच्या ग्लासांत ओतल्या, आधी चाखल्या आणि मग लेबले वाचली. खरे तर हाच क्रम योग्य होता. बड लाइटच्या बाबतीत मात्र मोह आवरला नाही आणि मी लेबलापासून सुरुवात केली.

कॅनवर अनहायझर-बुश, सेंट लुईस, मिझुरी असा पत्ता आहे. पत्ता खराच आहे. एबरहार्ड अनहायझर आणि त्यांचे जावई अडॉल्फस बुश या दोघा जर्मन स्थलांतरितांनी तिथेच हा कारखाना वाढवला, १८७६ मध्ये तिथूनच बडवायझर बाजारात आली आणि बड लाइट १९८२ पासून देशभर मिळू लागली. पण नोव्हेंबर २००८ मध्ये बेल्जियममधल्या लुव्हेन इथे मुख्यालय असलेल्या इनबेव्हने भागामागे ७० डॉलर मोजून, एकूण सुमारे ५२ अब्ज डॉलरना ही कंपनी विकत घेतली. तिला नुसते बेल्जियन म्हणणेही अपुरेच आहे, कारण इनबेव्ह २००४ मध्ये बेल्जियमची इंटरब्रू आणि ब्राझीलची अ‍ॅमबेव्ह यांच्या विलीनीकरणातून जन्मली आणि खरेदीच्या वेळी तिचे प्रमुख कार्लोस ब्रितो हे ब्राझिलियन होते. यातले काहीच कॅनवर नाही आणि ते असण्याची सक्तीही नाही. बिअर बनवणाऱ्याचे नाव आणि ठिकाण छापावे लागते. त्या बनवणाऱ्याचा मालक कोण, ते नाही. गंमत अशी की २००८ च्या उन्हाळ्यात, म्हणजे सौदा व्हायच्या आधी, प्रचारात असलेल्या ओबामांनीच ही कंपनी परदेशी हातांत गेली तर वाईट होईल असे म्हटले होते. त्यांचे प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांचे तर घरच या बिअरवर उभे होते. त्यांच्या पत्नीचे कुटुंब अ‍ॅरिझोनात अनहायझर-बुशचे मोठे वितरक होते. थोडक्यात, त्या वर्षी कोणीही निवडून आले असते तरी बड व्हाइट हाउसच्या उंबऱ्याशी येऊन पोहोचलीच असती.

आपल्याकडे जमिनीच्या बाबतीत दोन न्याय सांगतात. एक ‘कसेल त्याची जमीन’ आणि दुसरा सात-बाऱ्यावर ज्याचे नाव त्याची. पहिल्या न्यायाने बड लाइट पक्की अमेरिकन आहे: पाणी तिथले, कारखाने तिथले, राबणारे हात तिथले आणि पिणारेही बहुतांशी तिथलेच. दुसऱ्या न्यायाने ती परकी आहे. नील यांनी सात-बारा काढून दाखवला, ओबामांनी कुळाची बाजू घेतली, असे म्हणता येईल. निदान ग्लास हातात धरून तरी त्यांनी तेच केले.

आता ग्लासाकडे वळतो. बड लाइटचा रंग वाळलेल्या गवतासारखा फिका आहे. ओतताना पांढराशुभ्र फेस भराभर वर येतो आणि तितक्याच लगबगीने बसतो. मिनिटाभरात काठाला एक विरळ कडे तेवढे उरते. वास घेण्यासाठी नाक अगदी ग्लासात घालावे लागले, तेव्हा कुठे शिजत्या भाताच्या वाफेची आठवण करून देणारे काहीतरी जाणवले. हा भास नव्हे. जवाच्या माल्टबरोबर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाबरोबर, यात तांदूळ असतो आणि बिअर हलकी व साफ चवीची व्हावी म्हणूनच तो घालतात. चव पातळ, किंचित गोडसर, कडवटपणा नावापुरता. अल्कोहोल ४.२ टक्के आणि ३५५ मिलिलिटरच्या कॅनमध्ये ११० कॅलरी. बर्फासारखी गार असताना ती तहान छान भागवते. कोमट झाली की मात्र तिच्यात बोलण्यासारखे काही उरत नाही. चारचौघांत, कॅमेऱ्यांसमोर, ज्याला कोणाचाही रोष ओढवून घ्यायचा नाही अशा माणसाने घ्यावी अशीच ही बिअर आहे, आणि त्या संध्याकाळी ओबामांना नेमके तेच हवे असणार.

ब्लू मून याच्या अगदी उलट, बोलघेवडी. गढूळ नारिंगी रंग, धणे आणि संत्र्याच्या सालीचा वास, गव्हामुळे आलेला भरीव घोट, अल्कोहोल ५.४ टक्के. घडण बेल्जियन धर्तीची, पण जन्म १९९५ चा, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरच्या बेसबॉल मैदानातल्या कूर्सच्या छोट्या ब्रुअरीतला. म्हणजे बेल्जियन मालकीची बिअर अमेरिकन वळणाची आणि बेल्जियन वळणाची बिअर कोलोरॅडोची! २००९ मध्ये तिची मालकी मिलरकूर्सकडे होती, आणि मिलरकूर्स ही लंडनच्या एसएबीमिलर व कॅनडा-अमेरिकेच्या मोल्सन कूर्सची भागीदारी होती. पोलीस सार्जंटच्या ग्लासाचा सात-बारा कोणी फारसा उलगडला नाही. तो मान राष्ट्राध्यक्षांच्या ग्लासाचा.

गेट्स यांच्या आवडीच्या म्हणून आधी रेड स्ट्राइप आणि बेक्स अशी नावे आली होती. पैकी बेक्सची पुढची कथा या परीक्षणासाठी फार मोलाची आहे. मूळची जर्मनीतल्या ब्रेमेनची ही बिअर २००९ मध्ये इनबेव्हच्याच घरातली होती. पुढे कंपनीने अमेरिकेसाठीची बेक्स सेंट लुईसमध्येच बनवायला घेतली, वेष्टनावरचा जर्मन थाट मात्र कायम ठेवला. ग्राहक न्यायालयात गेले आणि २०१५ मध्ये तडजोड झाली: ज्यांच्याकडे पावत्या होत्या, त्या कुटुंबांना ५० डॉलरपर्यंत परतावा. तिथे वाद होता तो बिअर कुठे बनते याचा. ती कोणाच्या मालकीची, याबद्दल कोणी एक डॉलरही मागितला नाही. ग्राहकाच्या खिशाला कसणारा महत्त्वाचा वाटतो आणि राजकारण्याच्या पत्राला मालक, हा फरक मला इथे स्पष्ट दिसला.

कंपनीलाही हे पुरते ठाऊक असावे. २०१६ च्या उन्हाळ्यापासून त्या वर्षीची निवडणूक होईपर्यंत तिने बडवायझरच्या कॅनवरचे ‘बडवायझर’ हे नाव काढून तिथे चक्क ‘अमेरिका’ छापले. मालक लुव्हेनचे, नाव अमेरिका. मुळात बडवायझर हे नावसुद्धा बोहेमियातल्या बुडवाइस, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या चेस्के बुड्येयोविस या गावावरून उचललेले आहे. तिथली सरकारी मालकीची बुडवार ब्रुअरी या नावासाठी शंभराहून अधिक वर्षे भांडते आहे आणि अमेरिकेत तिला स्वतःची बिअर ‘चेकवार’ या नावाने विकावी लागली. गावाचे नाव परक्याकडे आणि परक्याच्या कॅनवर तिसऱ्याच देशाचे नाव, असा हा मामला आहे.

आता सॅम अ‍ॅडम्स, जिची शिफारस नील यांनी केली होती. तांबूस पिंगट रंग, टिकणारा फेस, भाजलेल्या पावाच्या कडेसारखा माल्टचा वास आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारा फुलांसारखा कडवटपणा. तिन्हींत मला हीच आवडली, हे सांगून टाकतो. मालकीच्या कसोटीवरही ती उतरते: जिम कॉक यांनी १९८४ मध्ये कंपनी काढली आणि ती अमेरिकेतच राहिली. नाव स्वातंत्र्यलढ्यातल्या नेत्याचे. पण ती बव्हंशी बनते पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोत, आणि मला आवडलेला तो फुलांचा सुगंध जर्मनीतल्या हालरटाउ व टेटनांग भागांतल्या हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, आहे. देशभक्ताच्या नावाच्या बिअरमधला सगळ्यात देखणा गुण बव्हेरियातून आणि तिच्या शेजारून बोटीने येतो, हे नील यांच्या पत्रात असते तर ते पत्र अधिक वाचनीय झाले असते.

मालकीवरून बिअरची निवड करणाऱ्याच्या नशिबी आणखी एक फजिती असते, ती म्हणजे मालक बदलत राहतात. २०१० च्या टोरांटोतल्या जी-२० परिषदेत ओबामांनी विश्वचषक फुटबॉलमधल्या पैजेपोटी ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांना शिकागोच्या गूस आयलंडची बिअर दिली. बड लाइटचा धडा घेतला होता म्हणा, किंवा गावचे प्रेम म्हणा. पण २०११ मध्ये गूस आयलंडही त्याच अनहायझर-बुशने विकत घेतली. आणि २०२३ मध्ये एका जाहिरातीवरून उठलेल्या बहिष्कारानंतर बड लाइटला मागे टाकून अमेरिकेत विक्रीत पहिली आली ती मोडेलो एस्पेशियाल. ही बिअर मेक्सिकोत बनते, नाव-गाव सगळे मेक्सिकन, पण मक्तेदारीविरोधी कारवाईतल्या तडजोडीमुळे २०१३ पासून अमेरिकेतले तिचे हक्क न्यूयॉर्क राज्यातल्या कॉन्स्टेलेशन ब्रँड्सकडे आहेत. नील यांची फूटपट्टी लावली, तर राष्ट्राध्यक्षांनी मेक्सिकोची बिअर प्यावी.

तर बड लाइट घ्यावी का? कडक उन्हात, खूप जणांसाठी, अगदी गार करून घ्यायची असेल तर जरूर. बिअरकडे लक्ष द्यायचे असेल तर बॉस्टन लागर. संत्रे हाताशी असेल तर ब्लू मून.

एका बिअरचे परीक्षण मात्र राहून गेले. २०११ मध्ये व्हाइट हाउसच्या स्वयंपाकघरात हनी एल बनवली गेली आणि सप्टेंबर २०१२ मध्ये लोकांच्या आग्रहाखातर तिची कृती प्रसिद्ध करण्यात आली. ती विकायला नाही, तिला कंपनी नाही, कोणत्या बाजारात तिचे भाग नाहीत. प्यायची तर घरीच आंबवावी लागते. सामानाची यादी काढून बसलो आहे. हॉप्स केंट गोल्डिंग्ज आणि फगल्स, म्हणजे दोन्ही इंग्लंडच्या. मध मात्र व्हाइट हाउसच्या आवारातल्या पोळ्यांचा सांगितला आहे. तो काही मला मिळणार नाही, दुकानातल्या मधावर भागवावे लागेल.