‘फ्री टू चूज’: निदान तिसरा भाग तरी बघाच

३१ वर्षं बँकेत रोखपाल होतो. त्यामुळे अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांची, खुल्या बाजाराची बाजू मांडणारी १९८० सालची ही दहा भागांची टीव्ही मालिका हाती आली तेव्हा पहिले दोन सोडून आधी तिसरा भाग लावला, १९२९ नंतरच्या महामंदीचा.

न्यूयॉर्कमधली ‘बँक ऑफ युनायटेड स्टेट्स’ डिसेंबर १९३० मध्ये बुडाली. नाव सरकारी वाटतं, पण बँक खासगीच. मग एकीपाठोपाठ एक बँका कोसळल्या आणि फेडरल रिझर्व्ह, म्हणजे तिथली मध्यवर्ती बँक, बघत राहिली. १९३३ पर्यंत अमेरिकेतला पैशाचा साठा सुमारे एक तृतीयांशाने आटला. साधी मंदी मध्यवर्ती बँकेने चिघळवली, असं फ्रीडमन यांचं म्हणणं. ॲना श्वार्ट्झ यांच्यासोबत लिहिलेल्या १९६३ च्या जाडजूड ग्रंथात ते आकडेवारीनिशी आहे. इथे ते बँकेच्या दारात उभं राहून कळतं. एका अफवेपायी माझ्या खिडकीसमोरही अशी रांग लागली होती. दुपारी वरून रोकडीची गाडी आली, गठ्ठे लोकांना दिसतील असे रचले आणि तासाभरात रांग विरली. ती गाडी आलीच नसती तर काय झालं असतं, ते या भागात दिसतं. अंगावर काटा आला.

पहिल्या भागात फ्रीडमन न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधल्या शिवणकामाच्या कारखान्यात जातात. त्यांची आई युरोपातून आली आणि अशाच ठिकाणी मशीन चालवायची. अशा कामातूनच आपल्या घराला वर यायला वाट मिळाली, असं ते मनापासून सांगतात. मला ते पटलं. पण त्याच भागातलं हाँगकाँगचं कौतुक अर्धवट आहे. तिथली जमीन सरकारच्या मालकीची आणि लाखो लोक सरकारी घरांत राहणारे. खुल्या बाजाराचा दाखला देताना हे सांगायला हवं होतं.

प्रत्येक भागाच्या उत्तरार्धातली चर्चा मात्र गाळू नका. १९७६ चं नोबेल मिळवलेला हा माणूस कट्टर विरोधकांसमोर बसतो, त्यांचं ऐकतो आणि मुद्द्याला मुद्द्यानेच उत्तर देतो. मायकेल हॅरिंग्टन यांच्यासारखे समाजवादीही त्याला तोडीस तोड भेटतात.

१९९० साली पाच भागांची आवृत्तीही निघाली. घ्यायची तर जुनी, दहा भागांची घ्या. मंदीचा भाग तिच्यात आहे.