ऑपरेशनआधी शरीराची तयारी: घरच्या घरी करायची की फिजिओकडे जाऊन?

ऑपरेशनची तारीख मिळाली की मधले चार-पाच आठवडे बरेच लोक आरामात घालवतात, "आता दगदग नको, अंगात ताकद राहू दे" म्हणून, आणि मला सगळ्यात जास्त वाईट ह्याचंच वाटतं कारण पडून राहून ताकद राहत नाही, जाते. 2007 च्या एका अभ्यासात तब्येतीने चांगल्या असलेल्या वयस्कर माणसांना 10 दिवस नुसतं बेडवर ठेवलं तर पायांचे स्नायू जवळपास एक किलोने घटले, आणि त्यांचं ऑपरेशन वगैरे काहीच झालेलं नव्हतं. ऑपरेशननंतर तर दुखणं, सूज, भूक मेलेली, आणि जखम भरायला लागणारी प्रथिनं शरीर स्वतःच्याच स्नायूंतून ओढून घेतं, म्हणजे जो आधीच अशक्त आहे त्याच्याकडे द्यायलाच काही नसतं. म्हणून आधीच्या आठवड्यांत कमवून ठेवायचं. ह्याला हल्ली डॉक्टर लोक प्रीहॅब म्हणतात.

हे सगळं ठरवून केलेल्या ऑपरेशनबद्दल चाललंय हं. इमर्जन्सी असेल तर वेळच नसतो, आणि कॅन्सरचं ऑपरेशन तयारीसाठी म्हणून आपल्या मनाने पुढे ढकलायचं नाही, जो वेळ आहे त्यातच करायचं.

आता घरी की फिजिओकडे. दोन्हीकडे चांगले अभ्यास झालेत, फक्त त्यातून मिळणारी गोष्ट वेगळी आहे आणि हे कोणी नीट सांगत नाही.

घरच्या बाजूने 2014 चा माँट्रियलचा अभ्यास बघा. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे 77 पेशंट, सगळ्यांना तोच प्रोग्रॅम, म्हणजे घरीच चालणं, ताकदीचे व्यायाम, प्रथिनं, मन शांत करायचे व्यायाम, फक्त एका गटाने तो ऑपरेशनच्या चार आठवडे आधी सुरू केला आणि दुसऱ्याने ऑपरेशननंतर. आठ आठवड्यांनी आधी सुरू करणाऱ्यांपैकी 84 टक्के लोक चालण्याच्या टेस्टमध्ये पूर्वीइतके किंवा जास्तच चालत होते, दुसऱ्या गटात 62 टक्के. पण कॉम्प्लिकेशन्स आणि हॉस्पिटलमधले दिवस दोन्हीकडे साधारण सारखेच.

देखरेखीच्या बाजूने 2023 चा मोठा अभ्यास आहे, अनेक देशांतले 251 पेशंट, ऑपरेशन त्याच प्रकारचं, पण इथे चार आठवडे हॉस्पिटलमध्ये येऊन आठवड्यातून तीनदा जोरदार व्यायाम, सोबत आहार, सिगरेट सोडवणं, मानसिक आधार. गंभीर कॉम्प्लिकेशन्स 29.7 टक्क्यांवरून 17.1 टक्क्यांवर आल्या. बार्सिलोनात 2018 मध्ये जास्त रिस्कच्या पोटाच्या ऑपरेशनवाल्यांमध्ये तर कोणतीही कॉम्प्लिकेशन झालेले पेशंट तयारी न केलेल्यांत 62 टक्के आणि तयारी केलेल्यांत 31 टक्के, असा फरक दिसला. अभ्यास वेगळे, पेशंट वेगळे, त्यामुळे आकडे समोरासमोर ठेवून मोजता येत नाहीत, पण मला ह्यातून दिसतं ते असं की घरच्या तयारीने माणूस लवकर चालता-फिरता होतो, आणि कॉम्प्लिकेशन टाळायची असेल तर व्यायामाचा जोर लागतो, जो एकट्याने घरी क्वचितच लावला जातो. दम लागला की आपण थांबतो. तिथे कोणीतरी नाडी बघत "अजून एक मिनिट" म्हणणारं असतं.

पण देखरेख म्हणजे हमखास असंही नाही. 2020 मध्ये पुन्हा माँट्रियललाच खूप अशक्त पेशंटांवर करून बघितलं तेव्हा 30 दिवसांतल्या कॉम्प्लिकेशन्समध्ये फरक पडला नाही. शिवाय ये-जा, सोबत कोण येणार, पैसे, आणि आधीच थकलेल्या माणसाला तो प्रवासच जड होतो. आठवड्यातून तीनदा जमणार नसेल तर अर्धवट सोडण्यापेक्षा घरी रोज केलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि एक मधला रस्ता आहे जो मला सगळ्यात जास्त आवडतो. 2018 मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये पोटाच्या वरच्या भागाचं ऑपरेशन होणाऱ्यांना आधी फिजिओचं फक्त एक सेशन दिलं, अर्ध्या तासाचं. छातीत कफ का साठतो, न्यूमोनिया कसा होतो ते समजावलं आणि शुद्धीवर आल्या आल्या दर तासाला खोल श्वास आणि टाक्यांना आधार देऊन खोकणं कसं करायचं ते करवून घेतलं. फुप्फुसाच्या कॉम्प्लिकेशन्स 27 वरून 12 टक्क्यांवर! अर्धा तास! भूल उतरताना, दुखत असताना नवीन काही शिकता येत नाही, आधी शिकलेलं मात्र आठवतं. त्यामुळे बाकी सगळं घरी करणार असलात तरी हे एक सेशन मागून घ्याच.

मग कोणी काय निवडावं? फुप्फुस, अन्ननलिका, पोटाचं मोठं ऑपरेशन, वय जास्त, एक जिना चढताना दम लागतो, हार्टचा त्रास आहे, तर देखरेखच, आणि छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय व्यायाम सुरूच करू नका. हर्निया, पित्ताशय आणि तब्येत बरी, तर घरी रोज अर्धा तास भरभर चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत दम लागला पाहिजे, आणि खुर्चीतून हात न टेकता उठ-बस. गुडघा बदलायचा असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांत फायदा दिसतो, पुढे काही महिन्यांनी फरक पुसट होतो, तिथे फिजिओकडे दोन-तीनदा जाऊन व्यायाम आणि कुबड्यांवर चालणं शिकायचं आणि बाकी घरी.

आता काही गोष्टी अशा आहेत की त्या राहिल्या तर घर काय आणि फिजिओ काय, व्यायामाचा फायदा निम्मा वाया जातो. सिगरेट-तंबाखू, निदान चार आठवडे आधी बंद, दारूही तशीच. हिमोग्लोबिन 13 च्या खाली असेल तर बाई असो की पुरुष, कारण शोधायला सांगा, आणि हे लवकर करा कारण लोहाच्या गोळ्यांना आठवडे लागतात. शुगरवाल्यांनी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ताची टेस्ट) बघा, 8.5 टक्क्यांच्या वर असेल तर बऱ्याच ठिकाणी आधी शुगर आटोक्यात आणायला सांगतात. प्रथिनं वजनाच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम, फक्त किडनीचा त्रास असेल तर विचारून.

आणि आठवडाच उरला असेल तरी सोडून देऊ नका. स्नायू एका आठवड्यात काही वाढणार नाहीत, पण सिगरेट बंद केली की रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो, श्वासाचे व्यायाम एका बैठकीत शिकता येतात, आणि भूलतज्ज्ञांना भेटून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, लसणाच्या किंवा जिनसेंगच्या कॅप्सूलसुद्धा, दाखवून कुठली कधी थांबवायची ते विचारता येतं, तेवढं तरी ह्याच आठवड्यात उरकून घ्या.